लेकराचं साडेदहाला, मामांचं चारला

प्रश्न : आम्ही परभणी जिल्ह्यात एका खेड्यात राहतो. घरात मी, मालक, सासू-सासरे आणि सात वर्षांचं लेकरू. लेकरू रात्री नऊला झोपतं आणि साडेदहाच्या सुमाराला एकाएकी किंचाळत उठून बसतं. डोळे सताड उघडे, अंग घामानं ओलं. मी जवळ घ्यायला गेले तर मलाच ढकलून देतं. पाच-दहा मिनिटांनी आपोआप आडवं होतं. सकाळी विचारलं तर काही म्हणता काही आठवत नाही. दिवाळीपासून आठवड्यातून दोनदा तरी असं होतंय.

मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वय सासष्ट. वर्षभरापासून ते पहाटे, काकड्याच्या वेळेला, झोपेत ओरडतात, लाथा झाडतात. परवा आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बुक्की बसली, भुवई फुटली. जागं केलं की मामा लगेच भानावर येतात आणि सांगतात, 'डुकरं घुसली व्हती हरभऱ्यात, हानायलो व्हतो.' आत्याबाई म्हणतात, चाळीस वर्षांत या माणसानं कधी हात उचलला नाही. त्या आता दुसऱ्या खोलीत निजतात, कुणाशी धड बोलत नाहीत.

देवर्ष्यानं दोघांनाही एकच बाधा सांगितली, शेतातल्या चिंचेची. तीन अमावस्या उतारा टाका म्हणतो. मेडिकलवाला म्हणतो, मामांना अर्धी गोळी देत जा, गप झोपतील. मालक एक आठवड्याआड रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायला शेतात असतात. ते स्वतः लहानपणी झोपेत चालत गोठ्यापर्यंत जायचे म्हणे. हे सगळं एकच आहे का? लेकराला आजोबांकडून आलं का? मी काय करू?
— एक भगिनी, जि. परभणी

ताई,

पत्रात तुम्ही दोन वेळा सहज लिहून गेलात, साडेदहा आणि काकडा. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तीच. पत्रावरून निदान होत नसतं, ते समोर तपासणाऱ्या डॉक्टरनं करायचं. पण एवढं मी खात्रीनं सांगते की या दोन गोष्टी एक असण्याची शक्यता फार कमी आहे. एका घरात घडतायत, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. लेकराचं झोपेच्या सगळ्यात गाढ टप्प्यातून बाहेर येताना होतंय, मामांचं स्वप्नाच्या टप्प्यात. हे दोन टप्पे रात्रीच्या दोन टोकांना असतात, म्हणून घड्याळाकडं बघायचं.

जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की पुढचं निम्मं भय आपोआप जातं.

झोप लागली की मेंदू विझतो असं आपण धरून चालतो. १९२४ साली जर्मनीतल्या येना इथं हान्स बर्गर या डॉक्टरनं माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. आज त्याच तपासणीला आपण ईईजी म्हणतो. झोपलेल्या माणसाची अशी नोंद घेतली तर रेघ कुठंही थांबत नाही, फक्त तिची चाल बदलत जाते. डोळे मिटून स्वस्थ पडलात की सेकंदाला आठ ते तेरा लाटा येतात. डुलकी लागायला लागली की त्या चार ते सातांवर उतरतात. हा पहिला टप्पा, एन-१, हाक मारली तर माणूस म्हणतो 'मी कुठं झोपलो होतो!' मग एन-२. यात मधूनच अर्ध्या ते दोन सेकंदांचे वेगवान लाटांचे झुबके दिसतात. मोठ्या माणसाची जवळजवळ निम्मी रात्र याच टप्प्यात जाते. त्यानंतर एन-३, गाढ झोप. इथं लाटा सेकंदाला फार तर दोन, पण उंचच उंच. या झोपेतून माणसाला उठवणं सगळ्यात अवघड, आणि लहान पोरांना तर दंडाला धरून हलवलं तरी पत्ता लागत नाही. लग्नातून परत येताना गाडीत झोपलेलं पोर उचलून घरात आणून टाकलं तरी त्याला सकाळीच कळतं, ती ही झोप.

आणि मग चौथा टप्पा, जो १९५३ पर्यंत कुणाच्या नीट लक्षातच आला नव्हता. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांशेजारी तारा लावून रात्र रात्र कागदावरची रेघ बघत बसायचा. पोरगं झोपलेलं, आणि रेघ सांगतेय की पापण्यांआड डोळे झपाझप फिरतायत. यंत्रच बिघडलं असेल असं आधी त्यालाही वाटलं. पुढं मोठ्या माणसांना नेमकं त्या क्षणी उठवून विचारलं, तर बहुतेकांनी स्वप्न सांगितलं. त्यानं आणि त्याचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ते छापलं आणि या टप्प्याला रेम झोप हे नाव पडलं. रेममध्ये मेंदूची रेघ जवळजवळ जाग्या माणसासारखी दिसते.

हे चार टप्पे मिळून एक फेरा. मोठ्या माणसाचा साधारण दीड तासाचा, लहानग्यांचा त्याहून थोडा आखूड. रात्रीत असे चार ते सहा फेरे होतात, पण ते एकसारखे नसतात. गाढ झोप बहुतेक सगळी रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात होऊन जाते. रेमचं उलटं. पहिल्या फेऱ्यात ती काही मिनिटांचीच असते आणि पहाटेच्या फेऱ्यात अर्ध्या तासावर जाते. नऊला झोपलेलं तुमचं लेकरू साडेदहाला गाढ झोपेच्या कडेवर असतं. पहाटे चारला मामा स्वप्नात असतात.

आता लेकराचं. याला झोपेतली घबराट म्हणू. गाढ झोपेतून वर येताना मेंदू सगळा एकदम जागा न होता तुकड्यातुकड्यानं होतो. ओरडणं, उठून बसणं, छाती धडधडणं हे सांभाळणारे भाग जागे होतात. समोर आई आहे हे ओळखणारे आणि घडलेलं साठवणारे भाग झोपलेलेच राहतात. म्हणून ते तुम्हाला ढकलतं, आणि म्हणून सकाळी त्याला काही आठवत नाही. त्यानं काही पाहिलेलंच नसतं, ताई. भीती सगळी बघणाऱ्याच्या वाट्याला येते.

मालक झोपेत गोठ्यापर्यंत चालत जायचे, हाच लेकराच्या त्रासाचा खरा धागा. झोपेत चालणं आणि झोपेतली घबराट एकाच टप्प्यातल्या गोष्टी आहेत आणि एकाच घराण्यात पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणजे आलंय ते बापाकडून, आजोबांकडून नाही. आणि बापाचं जसं वयानं गेलं तसं याचंही बहुधा पौगंडावस्थेपर्यंत जाईल.

त्या वेळी त्याला गदागदा हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, कडकडून धरू नका. धरलं की जास्त झगडतं. शेजारी बसा, हळू आवाजात बोला, पडणार-झडणार नाही एवढं बघा आणि आडवं होऊ द्या. सकाळी 'काय दिसलं रे तुला' असं खोदून विचारू नका. विचारून विचारून आपणच त्याच्या डोक्यात भूत घालतो.

झोप कमी पडली की हे वाढतं, कारण अपुऱ्या झोपेनंतर मेंदू गाढ झोप जास्त ओढून घेतो. सहा ते बारा वर्षांच्या पोराला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा सकाळची झाली, की त्याची झोप किती होते ते एकदा बोटांवर मोजा. शिवाय ताप, भरलेलं पोट, भरलेली लघवी, यांनीही होतं. झोपताना मोरीवर नेऊन आणत जा. आणि एक नीट बघा, ते घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? तसं असेल तर टॉन्सिल किंवा नाकामागची गाठ वाढलेली असू शकते आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायला हवं. त्या घोरण्यावर इलाज झाला की घबराटही पुष्कळदा थांबते.

तुमच्याकडं वेळ जवळजवळ ठरलेली दिसते, तर एक साधा उपाय करून बघण्यासारखा आहे. रोज सव्वादहाला त्याला हलकेच जागं करा, डोळे उघडून 'हूं' म्हणेपर्यंतच, आणि परत झोपू द्या. तीन-चार आठवडे नेटानं. बऱ्याच मुलांचा फेरा त्यानं मोडतो.

पण झटका येताना अंग ताठ होत असेल, एकाच बाजूचा हात-पाय उडत असेल, जीभ चावत असेल, किंवा एका रात्रीत पाच-सहा वेळा होत असेल, तर ते फिटचं असू शकतं. मग वाट बघायची नाही, बालरोगतज्ज्ञाकडं न्यायचं.

आता मामांचं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रेम झोपेत मेंदू जागा असल्यासारखा चालतो, मग आपण स्वप्नात धावताना खरंच का धावत नाही? कारण मेंदूच्या बुडाशी असलेला देठासारखा भाग त्या वेळी मणक्यातल्या नसांना दाबून ठेवतो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. श्वासाचा पडदा आणि डोळे तेवढे चालू राहतात. गावात सिंगल फेज असताना कसं, घरातले दिवे लागतात पण विहिरीवरची मोटार चालत नाही, अगदी तसं. मामांच्या बाबतीत हा कट-ऑफ निकामी झाल्यासारखा वाटतो. स्वप्न पडतंय आणि मोटारही चालू आहे.

फ्रान्समधल्या ल्याँ शहरात मिशेल झुव्हे यांनी १९६०च्या दशकात मांजरांच्या मेंदूतला हाच भाग निकामी करून पाहिला होता. ती मांजरं झोपेतच उठून दबा धरायची, न दिसणाऱ्या शिकारीवर झेप घ्यायची. माणसांत असाच आजार असतो हे १९८६ साली अमेरिकेतल्या मिनियापोलिस इथल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी पाच वयस्कर रुग्णांवरून मांडलं. त्याला रेम झोपेतला वर्तनविकार म्हणतात. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त दिसतो. जागं केलं की माणूस लगेच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो, मामांनी डुकरांचं सांगितलं तसं. लेकराच्या अगदी उलट.

या रुग्णांच्या स्वप्नांत बहुतेक वेळा कुणीतरी अंगावर येत असतं आणि ते परतवत असतात. मामांनी आयुष्यभर हरभऱ्याला, ज्वारीला जागल केली असेल. त्यांच्या स्वप्नात चोर-दरोडेखोरांऐवजी रानडुकरं यावीत यात नवल नाही. दिवसा हीच माणसं बहुधा शांत स्वभावाची असतात. हे आत्याबाईंना कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि ते तुम्हीच सांगा. 'मामांनी तुम्हाला मारलं नाही, डुकराला मारलं' असं थट्टेत नको. भुवई त्यांची फुटली आहे. शेजारी बसा, आधी त्यांचं ऐका, आणि मग सांगा की हा मेंदूच्या एका भागाचा आजार आहे, मनातला राग नाही. त्या वेगळ्या खोलीत निजतात हे सध्या बरोबरच आहे. पण रुसून निजणं आणि डॉक्टरनं सांगितलंय म्हणून निजणं यात फरक पडतो, त्यांनाही आणि मामांनाही.

घर आज संध्याकाळीच आवरा. मामांच्या उशाला काठी, बॅटरी, विळा असलं काही असेल तर ते दुसऱ्या खोलीत. खाट किंवा बाज काढून जमिनीवर गादी, भिंतीच्या बाजूला गोधडीची घडी, जवळ लोखंडी पेटी वा पाट्याचा दगड नको. आणि उन्हाळ्यात माळवदावर झोपणं बंद. मामांचंही आणि लेकराचंही. आपल्याकडच्या जुन्या माळवदांना कठडा नसतो, आणि असले अपघात मेंदूच्या आजारापेक्षा आधी जीव घेतात. मामा ओरडायला लागले तर जवळ जाऊन धरू नका, दारातून नावानं हाक मारा.

पुढचं लिहावं की नाही याचा मी विचार केला, पण लपवून तुमचा फायदा नाही. हा विकार पुष्कळदा पार्किन्सन्स (कंपवात) किंवा त्याच कुळातल्या आजाराची फार आधी मिळालेली सूचना असतो. २०१९ साली वेगवेगळ्या देशांतल्या २४ केंद्रांनी मिळून १,२८० रुग्णांचा पाठपुरावा छापला. त्यात दर वर्षी शंभरातल्या साधारण सहा जणांना असा आजार लागला आणि बारा वर्षांत हा आकडा शंभरातल्या जवळपास पंचाहत्तरांपर्यंत गेला. म्हणजे मामांना आज तो आहे असं नाही, उद्या होईलच असंही नाही. पण 'म्हातारपणी होतंच असं' म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. डॉक्टर विचारतील ते आताच बघून ठेवा : फोडणीचा, भाजलेल्या शेंगांचा वास त्यांना येतो का? पोट साफ होतं का? चालताना एक हात कमी हलतो का, सदऱ्याची बटणं लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? सही बारीक झाली का? आजार पुढं होऊ नये यासाठी खात्रीचं औषध आज नाही, पण झोपेतली मारामारी कमी करणारी औषधं आहेत आणि ती बऱ्यापैकी लागू पडतात.

घोरण्याचं मामांनाही विचारायचंय. मोठ्यानं घोरून मध्येच श्वास अडकत असेल आणि मग हिसका देऊन ते उठत असतील, तर झोपेतला श्वासरोध असू शकतो, आणि तो कधीकधी हुबेहूब या विकारासारखा दिसतो. मनाच्या आजाराची काही औषधं, दारू अचानक सोडणं, यांनीही असं होतं. कुठली गोळी चालू असेल तर तिचं पाकीट डॉक्टरकडं न्या. आपल्या मनानं बंद करू नका.

मेडिकलवाल्याच्या अर्ध्या गोळीला मात्र सरळ नाही म्हणा. खरं सांगायचं तर या गोष्टीत मला देवर्ष्यापेक्षा त्याची जास्त भीती वाटते, कारण लिंबू पोटात जात नाही. श्वासरोध असलेल्या माणसाला झोपेची गोळी दिली की श्वास जास्त अडकतो. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठतो, तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. या विकारावर डॉक्टर देतात त्यातलं एक औषध त्याच कुळातलं आहे, हे खरं. पण ते तपासून, मात्रा ठरवून, घोरण्याचं बघून.

देवर्ष्याशी भांडत बसू नका. आत्याबाईंचं समाधान नारळ वाढवून होत असेल तर होऊ द्या, पण तीन अमावस्या म्हणजे तीन महिने थांबायला माझी तयारी नाही. आणि उताऱ्यावरून गोष्ट पुढं जाऊन कुणी लेकराला किंवा मामांना मारायला, धुरी द्यायला, बांधून ठेवायला लागलं तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, हे मालकांच्या कानावर घालून ठेवा.

दाखवायचं कुठं? परभणीत मेंदूविकारतज्ज्ञ गाठता आला तर उत्तम. नाही तर नांदेडच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करा, ते पुढं पाठवतील. जाण्याआधी एक काम करा. मोबाइलवर दोघांचाही व्हिडिओ घ्या, वेळ दिसेल असा. त्या दोन मिनिटांच्या चित्रीकरणातून डॉक्टरला जे कळतं ते अर्ध्या तासाच्या सांगण्यातून कळत नाही. मामांना कदाचित निद्रा-तपासणी सांगतील, त्यासाठी मोठ्या शहरात एक रात्र राहावं लागेल. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, पायाला तारा लावून झोपवतात, सुई टोचत नाहीत. मग रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडून एकेक तपासतात. आठ तासांचे ९६० होतात. मामांच्या बाबतीत सगळ्यांचं लक्ष हनुवटीच्या तारेवर असेल. रेममध्ये ती रेघ सपाट हवी. ती सपाट नसली की निदान पक्कं.

राहता राहिल्या तुम्ही. तुमच्या पत्रात तुमच्या झोपेबद्दल एक ओळही नाही. साडेदहाला लेकरू, चारला मामा, मधल्या वेळात मालक शेतावरून आले तर दार उघडायला तुम्ही, आणि पाचला चूल. मालकांच्या रात्रपाळीनं त्यांचंही शरीर बिघडतंय, त्यावर सौर पंपाचा अर्ज हाच खरा इलाज; तो भरला नसेल तर भरायला लावा. पण तोवर दिवसाच्या लाइटच्या आठवड्यात मामांच्या खोलीत मालकांनी झोपायचं आणि हाका त्यांनी मारायच्या. लेकराला सव्वादहाला जागं करायचं काम आत्याबाईंना द्या. नातवाच्या उशाशी बसायला त्या नाही म्हणायच्या नाहीत. आणि तुम्ही दुपारी घटकाभर पडत जा, कुणी काही म्हणो. डॉक्टरकडं जाऊन आलात की त्यांनी मामांच्या घोरण्याबद्दल काय सांगितलं आणि लेकराचा आठवड्याचा आकडा किती उतरला, एवढ्या दोन गोष्टी मला कळवा.